अजिंठ्याचे डोळे

डिसेंबर लागला की मला अजूनही मेकअपच्या पॅनकेकचा वास येतो. आमच्या शाळेच्या गॅदरिंगला रंगभूषेचं खातं आम्हा तिघी माजी विद्यार्थिनींकडे असायचं. सातवीच्या वर्गात बाकं जोडायची, आरसे भिंतीला टेकवायचे, खोबरेलाची बाटली आणि कापूस खिडकीत. बाहेर माईक टेस्टिंग चालू.

मेकअपची रीत ठरलेली. मुलगी सावळी असो की गव्हाळ, सगळ्यांना एकाच डब्यातला गुलाबी थर. तोंड गोरं, मान वेगळीच. मला ते कधीच पटलं नाही.

एका वर्षी विषय निघाला अजिंठा. संभाजीनगरहून लेणी शंभरेक किलोमीटरवर, तरी आम्ही तिघींनी ती नीट पाहिली नव्हती. चित्रकलेच्या बाईंनी एका रविवारी आम्हाला एसटीत बसवलं. एक नंबरच्या लेण्यात डोळे अंधाराला सरावले, तशी भिंतीवर रंगवलेल्या पद्मपाणी बोधिसत्त्वाच्या नाकावरची उजळ रेघ दिसली. बाई हळूच म्हणाल्या, "बघा गं, हायलायटर! दीड हजार वर्षांपूर्वीचा."

हुबेहूब नक्कल करायची नाही, हे येतानाच ठरलं. मुकुट नको, विग नको. रंग मात्र भिंतीवरचेच: ओठांना गेरूची छटा, पापणीवर पिवळी माती, काजळाची रेघ कानाकडे जराशी लांबवलेली. भुवई धनुष्यासारखी, वरची पापणी तपकिरी छटेने जड केलेली, म्हणजे डोळे अर्धे मिटल्यासारखे दिसतात. खालचा ओठ भरीव. निळा जपून वापरला, खालच्या पापणीला जेमतेम एक रेघ. अजिंठ्यातही तो बाहेरून आणलेल्या लाजवर्द दगडाचा, मोलाचा रंग.

गॅदरिंगच्या संध्याकाळी नववीतली एक मुलगी समोर बसली आणि म्हणाली, "ताई, मला जरा जास्त लावा हं. मी काळी आहे ना."

मी मोबाइलवर एक नंबरच्या लेण्यातलीच एक स्त्री तिला दाखवली. काळी राजकन्या म्हणतात तिला. ती बराच वेळ बघत राहिली. मग तिच्याच रंगाचा बेस लावला, अगदी मानेपर्यंत, आणि शेवटी नाकावर ती एक रेघ ओढली. रंगमंचावर दिवे लागले तेव्हा सगळ्यांत आधी तिचाच चेहरा उठून दिसला. विंगेत उभ्या असलेल्या बाईंनी माझा हात घट्ट धरला.

कार्यक्रम संपल्यावर खोबरेल घेऊन गेले, तर ती मागे सरली.

"आत्ता नको ना ताई. आधी आजीला दाखवते, मग पुसते."