डाक आवृत्तीत भारत पुढे होता

११ जून २०२४ च्या रात्री कोल्हापुरातल्या एका दैनिकाच्या क्रीडा पानाची जबाबदारी माझ्याकडे होती. एरवी त्या दिवसांत क्रीडा पान लावणे म्हणजे क्रिकेटच्या मजकुरात कात्री चालवणे एवढेच काम असे. अमेरिका आणि वेस्ट इंडीजमध्ये टी-ट्वेंटी विश्वचषक चालू होता, दोनच दिवसांपूर्वी न्यूयॉर्कमध्ये भारताने पाकिस्तानला सहा धावांनी हरवले होते आणि दुसऱ्या दिवशी यजमान अमेरिकेशी गाठ होती. तरीही त्या रात्री मी वरच्या चार कॉलमांची जागा फुटबॉलसाठी मोकळी ठेवली होती. पाटाकडील तालीम आणि दिलबहार या स्थानिक फुटबॉल संघांच्या सामन्याला शाहू स्टेडियमवर जागा मिळत नाही अशा गावात ती ठेवण्यासाठी कोणाची परवानगी घ्यावी लागत नाही.

सामना दोह्यात होता, कतारविरुद्ध. २०२६ च्या विश्वचषकासाठीच्या आशियाई पात्रता स्पर्धेची ही दुसरी फेरी होती आणि ‘अ’ गटात कतार, कुवेत, अफगाणिस्तान आणि भारत असे चार संघ होते. पहिले दोन संघ तिसऱ्या फेरीत जाणार आणि त्याबरोबरच त्यांना २०२७ च्या आशियाई चषकाचे थेट तिकीट मिळणार होते. कतार १३ गुणांसह आधीच पुढे गेला होता. उरलेल्या एका जागेसाठी भारत आणि अफगाणिस्तान प्रत्येकी पाच गुणांवर आणि कुवेत चार गुणांवर, असे तिघे शेवटच्या दिवसापर्यंत अडकून पडले होते.

संध्याकाळीच मी त्या समीकरणाची चौकट तयार करून ठेवली होती. भारत जिंकला तर आठ गुण होणार आणि मग कुवेत-अफगाणिस्तान सामन्याकडे पाहण्याची गरजच उरणार नव्हती. बरोबरी झाली तर मात्र तो दुसरा सामनाही बरोबरीत सुटायला हवा होता, कारण त्यात कोणीही जिंकले तरी तो संघ आपल्या सहा गुणांच्या पुढे जात होता. हरलो तर खेळ संपला. ही चौकट लिहिताना माझ्या मनात दोहा नव्हते, गुवाहाटी होती. २६ मार्चला तिथे सुनील छेत्रीने आपल्या दीडशेव्या सामन्यात पेनल्टीवर गोल केला होता आणि नंतर सत्तराव्या व अठ्ठ्याऐंशीव्या मिनिटाला दोन गोल खाऊन आपण अफगाणिस्तानकडून घरच्या मैदानावर हरलो होतो. त्याआधी सौदी अरेबियातल्या आभा येथे त्याच संघाशी गोलशून्य बरोबरी झाली होती. ६ जूनला कोलकात्यात कुवेतशीही तेच झाले आणि छेत्रीने तिथेच आंतरराष्ट्रीय फुटबॉलचा निरोप घेतला. दोह्यात कर्णधारपद गोलरक्षक गुरप्रीतसिंग संधूकडे होते.

आमच्याकडे डाक आवृत्तीचे, म्हणजे बाहेरगावी जाणाऱ्या अंकाचे, क्रीडा पान साडेदहाला सोडावे लागते. गडहिंग्लज, आजरा, चंदगड या बाजूच्या गाड्या त्यानंतर थांबत नाहीत. शहर आवृत्तीला साडेबारापर्यंत वेळ असतो. सामना सुरू झाला सव्वानऊला, म्हणजे डाक आवृत्तीच्या नशिबी फार तर दुसऱ्या सत्राची पहिली काही मिनिटे येणार, हे उघड होते.

सदतिसाव्या मिनिटाला गोव्याच्या ब्रँडन फर्नांडिसने डावीकडून चेंडू आत दिला आणि मिझोरामच्या लालियानझुआला छांगटेने तो जाळ्यात धाडला. विभागात टीव्हीसमोर सहा-सात जण जमले होते. त्यांत पानाची जुळणी करणारा आमचा ऑपरेटरही होता, जो स्वतः पेठेतल्या एका संघाकडून कधीकाळी बचावफळीत खेळला होता. मध्यंतराला भारत १-० ने पुढे होता. मी शीर्षक दिले, ‘छांगटेच्या गोलने भारत आघाडीवर’, आणि खाली कंसात ‘वृत्त देईपर्यंत’ हे आमचे पारंपरिक चिलखत चढवले. गुणतक्त्याखालच्या चौकटीत ‘भारत जिंकल्यास प्रथमच तिसऱ्या फेरीत’ असे होते. पान सुटले. इतक्या लवकर आणि इतक्या आनंदाने मी कधी पान सोडले नव्हते.

पावणेअकराच्या सुमारास, त्र्याहत्तराव्या मिनिटाला, तो प्रसंग घडला. कतारला फ्रीकिक मिळाली, यूसुफ आयमनच्या हेडरवर गुरप्रीतने झेप घेऊन चेंडू अडवला आणि तो त्याच्या अंगाजवळून घरंगळत अंतिम रेषेच्या बाहेर गेला. भारताचे खेळाडू क्षणभर थांबले. तेवढ्यात अल-हुसेनने बाहेरचा चेंडू पायाने आत ओढला आणि आयमनने तो जाळ्यात ढकलला. दक्षिण कोरियाच्या पंचांनी सहायकाशी बोलून गोल दिला. या फेरीत व्हिडिओ सहायक पंच नव्हते, त्यामुळे दाद मागायला दुसरी जागाच नव्हती. आमचा ऑपरेटर टीव्हीकडे बोट दाखवत ‘आउट हाय, आउट हाय’ एवढेच म्हणत राहिला. नियम सरळ आहे : चेंडू पूर्णपणे, जमिनीवरून असो वा हवेतून, रेषेपलीकडे गेला की तो बाहेर. रिप्लेमध्ये चेंडू आणि रेषा यांच्या मधले गवत दिसत होते.

पंच्याऐंशीव्या मिनिटाला अल-रावीने दुसरा गोल केला. कतार २, भारत १. कुवेतने अफगाणिस्तानला १-० ने हरवल्याचेही कळले. कुवेत सात गुणांवर गेला आणि आपण पाचावरच राहून तिसरे आलो.

आता शहर आवृत्तीचे पान पुन्हा मांडायचे होते. वृत्तसंस्थेच्या मजकुरात ‘वादग्रस्त गोल’ असा शब्द होता आणि मी त्यावरच अडून बसलो. वादग्रस्त म्हणजे ज्याविषयी दोन मते आहेत ते. चेंडू कुठे होता याविषयी कोणाची दोन मते होती? दुसरीकडे रात्रपाळीच्या प्रमुखांना ‘भारताला दोह्यात लुटले’ असे सहा कॉलमी शीर्षक हवे होते. शहर त्या रात्री जागे होते, फोन येत होते आणि वाचकाला सकाळी काय वाचायला आवडेल हे त्यांना माझ्यापेक्षा चांगले ठाऊक होते. मी म्हणालो, ‘लुटले’ या शब्दात हेतू येतो आणि तो आपण पाहिलेला नाही. ते म्हणाले, ‘‘मग काय पाहिलंय तेवढं लिहा, पण बारा वाजायच्या आत.’’

मी लिहिलेले वाक्य आजही आठवते : ‘चेंडू अंतिम रेषेबाहेर गेल्याचे रिप्लेमध्ये दिसत असतानाही पंचांनी गोल ग्राह्य धरला.’ त्यात एकही विशेषण नव्हते. खरी ओढाताण मात्र चौकटीवर झाली. कुवेत जिंकल्यामुळे बरोबरीही आपल्याला पुरली नसती, म्हणजे त्या गोलाने आपली आघाडीच, अर्थात सर्वस्वच घालवले, हे खरे. पण सहा सामन्यांत आपण एकूण तीनच गोल केले होते, त्यांतला एक पेनल्टीवर, आणि अफगाणिस्तानविरुद्धच्या दोन सामन्यांतून हाती फक्त एक गुण लागला होता, हेही तितकेच खरे. प्रमुखांचे म्हणणे असे की पराभवाच्या रात्री हा हिशेब म्हणजे जखमेवर मीठ. मी तो ठेवला. शीर्षक शेवटी ‘बाहेर गेलेल्या चेंडूने भारत बाहेर’ असे झाले. त्यातला श्लेष मला तेव्हाही थोडा स्वस्त वाटला होता, पण घड्याळात बारा वाजून दहा मिनिटे झाली होती.

सकाळी नऊच्या सुमारास गडहिंग्लजहून फोन आला. तेही फुटबॉलचे गाव, आणि फोनवरचे गृहस्थ वयस्क असावेत. ‘‘साहेब, रात्री लाईट नव्हती. पेपरात भारत पुढं हाय, पुढं काय झालं?’’ मी सगळे सांगितले : रेषा, पाय, पंच, दुसरा गोल, कुवेत. त्यांनी मध्ये एकदाही अडवले नाही. शेवटी विचारले, ‘‘गोलकीपरनं धरला न्हवता व्हय?’’ अडवला होता, धरला नव्हता, असे मी म्हणालो. ‘‘मग शिट्टी हुईस्तोवर थांबायचं न्हाई,’’ असे म्हणून त्यांनी फोन ठेवला.

अखिल भारतीय फुटबॉल महासंघाने त्या गोलाविषयी तक्रार केली, निकाल कायम राहिला आणि १७ जूनला प्रशिक्षक इगोर स्टिमॅच यांना पदावरून दूर करण्यात आले. आशियाई चषकासाठी आपल्याला पुन्हा पात्रता गट खेळावा लागला, सिंगापूर, हाँगकाँग आणि बांगलादेशाबरोबर. १४ ऑक्टोबर २०२५ ला मडगावच्या फातोर्डा स्टेडियमवर सिंगापूरविरुद्ध पहिला गोल पुन्हा छांगटेनेच केला आणि आपण पुन्हा १-२ असेच हरलो. तो सामना लवकर संपला होता. गडहिंग्लजच्या गाडीतही त्या रात्री पूर्ण निकाल गेला.