३७७ गेलं, मग अजून मोर्चा कशाला?

मी समलिंगी आहे. समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणारं भारतीय दंड संहितेचं कलम ३७७ गेलं, म्हणून ऑफिसात, लग्नकार्यात, जुन्या मित्राच्या घरी मला हे हमखास विचारलं जातं. "आता कायदा तुमच्या बाजूनं झाला ना? मग झेंडे घेऊन रस्त्यावर कशाला उतरता? राजकारण हवंच कशाला?" विचारणारे बहुतेक वेळा आपुलकीनंच विचारतात. मी आता सुखानं जगावं असं त्यांना वाटतं. तुम्ही विचारलंत म्हणून एकदा नीट सांगतो.

मी समलिंगी आहे हे आईला सांगितलं ते २०११ मध्ये. २ जुलै २००९ ला दिल्ली उच्च न्यायालयानं सज्ञान माणसांमधले संमतीचे समलिंगी संबंध गुन्हा ठरत नाहीत असा निकाल दिला होता. तो नसता तर मी तोंड उघडलं नसतं. आईनं सगळं ऐकून घेतलं आणि पहिला प्रश्न विचारला, "पोलीस धरणार नाहीत ना?" मी छातीठोकपणे म्हणालो, "नाही गं, कोर्टानंच सांगितलंय."

११ डिसेंबर २०१३ ला सर्वोच्च न्यायालयानं तो निकाल फिरवला. आम्ही लोकसंख्येचा अगदी नगण्य हिस्सा आहोत, हेही त्यात एक कारण होतं. संध्याकाळी आईचा फोन आला. ती रडली नाही, कायद्याबद्दलही काही बोलली नाही. "तू कुणाकुणाला सांगितलं आहेस?" एवढंच तिनं विचारलं. मी नावं घेत गेलो, ती ऐकत गेली. सात नावं झाली. त्यातलं प्रत्येक नाव सांगितलं तेव्हा मला मोकळं वाटलं होतं, आणि त्या रात्री आम्ही दोघं तीच नावं साक्षीदारांसारखी मोजत होतो.

६ सप्टेंबर २०१८ ला सर्वोच्च न्यायालयाच्याच पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठानं २०१३ चा निकाल रद्द केला. इतिहासानं या समाजाची आणि त्यांच्या कुटुंबांची माफी मागायला हवी, असं न्यायमूर्ती इंदू मल्होत्रांनी लिहिलं. 'कुटुंबांची' हा शब्द मी आईला दोनदा वाचून दाखवला. तिनं विचारलं, "आता परत बदलणार नाहीत ना?" या वेळी मला छातीठोकपणे काही सांगता आलं नाही.

मी मोर्चाला जातो त्याचं मूळ या प्रश्नात आहे. कायदा आधी आला आणि मोर्चे मागून निघाले, असा समज आहे. झालं उलट. २ जुलै १९९९ ला आमच्या हक्कांसाठी कोलकात्यात पंधरा माणसं मोर्चानं चालली, तेव्हा कलम ३७७ पुरतं जिवंत होतं. त्याहीआधी, १९९४ मध्ये, तिहार तुरुंगात कंडोम वाटायला नकार मिळाल्यावर एड्स भेदभाव विरोधी आंदोलन या गटानं या कलमाविरुद्ध याचिका केली होती. दिल्लीचा निकाल लागला तोही कोलकात्याच्या मोर्चानंतर बरोबर दहा वर्षांनी, त्याच २ जुलैला. तो योगायोगच, पण मधली दहा वर्षं माणसं झिजली होती.

आणि '३७७ गेलं' म्हणताना एक गोष्ट निसटते. २०१८ नंतरही त्या कलमाचा एक भाग शिल्लक होता, जबरदस्तीच्या संबंधांपुरता. १ जुलै २०२४ पासून दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता लागू झाली आणि त्यात ते कलमच उरलं नाही. बलात्काराच्या व्याख्येत पीडित स्त्रीच आहे. मग एखाद्या सज्ञान पुरुषावर तसाच अत्याचार झाला तर त्यानं कोणत्या कलमाखाली तक्रार द्यायची? हे विचारणं राजकारण असेल तर मला ते करायचं आहे.

माझं तरी बरं आहे, नोकरी आहे, घर मिळालं. तृतीयपंथी मैत्रिणींना साधा अर्ज भरायला कोर्टात जावं लागतं. महाराष्ट्रात पोलीस भरतीच्या ऑनलाइन अर्जात स्त्री आणि पुरुष एवढेच रकाने होते. तिसरा रकाना यावा म्हणून प्रकरण उच्च न्यायालयापर्यंत गेलं, आणि हे डिसेंबर २०२२ मध्ये! त्यांना स्वतंत्र ओळखीचा हक्क सर्वोच्च न्यायालयानं २०१४ मध्येच मान्य केला होता.

लग्नाचं म्हणाल तर १७ ऑक्टोबर २०२३ ला सर्वोच्च न्यायालयाकडून आम्हाला नकार मिळाला. ऑगस्ट २०२४ मध्ये अर्थ मंत्रालयानं स्पष्ट केलं की क्वीअर, म्हणजे समलिंगी, तृतीयपंथी वगैरे, जोडप्यांना संयुक्त बँक खातं उघडायला, एकमेकांना नॉमिनी नेमायला आडकाठी नाही. आम्ही खातं उघडलं. दोघांची नावं एका पासबुकावर बघून माझा जोडीदार बराच वेळ काही बोलला नाही. पण नॉमिनी म्हणजे वारस नव्हे. मी मृत्युपत्र न करता गेलो तर वारसा कायद्यानं माझं सगळं आईकडे जाईल आणि चौदा वर्षं बरोबर राहिलेल्या माणसाला कायदा ओळखणारही नाही.

हे मी आईला समजावलं तेव्हा ती म्हणाली, "मग लिहून टाक, थांबलास कशाला?" मृत्युपत्राला किमान दोन साक्षीदार लागतात. एक सही तिची आहे. दुसरी, २०१३ च्या त्या रात्री मोजलेल्या सातांपैकी एकाची.