जुन्या ट्रॅक्टरला सिकल मोअर निवडताना

गवत कापायचं यंत्र घ्यायचं ठरलं तेव्हा मला बहुतेकांनी डिस्क किंवा ड्रम मोअर सुचवला. काम झपाट्याने होतं, गवत सहसा अडकत नाही, पाती चटकन बदलता येतात. हे सगळं खरं आहे. पण माझा ट्रॅक्टर जुना, 30 हॉर्सपॉवरच्या आसपासचा. फिरत्या पात्यांचे हे मोअर गवत आपटून तोडतात आणि त्यासाठी कापणीच्या रुंदीच्या दर मीटरला सिकल मोअरच्या तिप्पट-चौपट ताकद लागते. त्यांचं वजनही बरंच असतं आणि ते सगळं मागच्या उजव्या बाजूला लटकतं. सिकल मोअरमध्ये आडव्या दांड्यावर, म्हणजे बारवर, टोकदार स्थिर बोटांसारखे गार्ड असतात; त्रिकोणी पात्यांची पट्टी त्या गार्डमधून डावी-उजवी सरकते आणि कात्रीसारखी कापते. नुसत्या कापण्याला मीटरमागे दोनेक हॉर्सपॉवर पुरतात. ओबेड हसी आणि सायरस मॅकॉर्मिक यांनी 1833 आणि 1834 साली कापणी यंत्रांची पेटंटं घेतली, तेव्हा ती यंत्रं घोडे ओढत होते. पट्टी डावी-उजवी सरकवण्याची ती पद्धत मुळात कमी ताकदीसाठीच जमलेली आहे. माझ्या ट्रॅक्टरला दुसरं काही शोभणार नाही, हे माझ्या मनात पक्कं झालं.

मोअर बघायला जाण्याआधी मी ट्रॅक्टर नीट तपासला. जुन्या ट्रॅक्टरवर सगळ्यात महत्त्वाची गोष्ट म्हणजे पीटीओ, म्हणजे इंजिनाची ताकद अवजाराला देणारा मागचा फिरता शाफ्ट, कुठून चालतो. माझ्याकडे तो गिअरबॉक्समधून चालतो, म्हणजे क्लच दाबला की चाकांबरोबर पीटीओही थांबतो. दाट गवतात पट्टी तुंबायला लागली की ट्रॅक्टर थांबवून पट्टी मात्र चालू राहावी असं वाटतं, आणि नेमकं तेच या ट्रॅक्टरवर एका झटक्यात होत नाही. क्लच दाबायचा, गिअर न्यूट्रलला आणायचा, क्लच सोडायचा, मग पट्टी पुन्हा चालते. परत निघताना दोन-तीन फूट मागे यावं लागतं, म्हणजे पट्टी पूर्ण वेगात असताना गवतात शिरता येतं. माझ्या ट्रॅक्टरचा हायड्रॉलिक पंपही त्याच शाफ्टवर आहे, त्यामुळे क्लच दाबलेला असताना बार उचलताही येत नाही. ज्यांच्याकडे असा ट्रॅक्टर आहे त्यांनी लांब बारचा मोह धरू नये, असं मी ठामपणे सांगेन. लांब बार म्हणजे तुंबायला जास्त जागा, आणि तुंबल्यावर हे सगळं सोपस्कार पुन्हा. दुहेरी क्लचचा किंवा स्वतंत्र पीटीओचा ट्रॅक्टर असेल तर ही अडचणच येत नाही.

पीटीओ 540 आरपीएमवर असताना कोणत्या गिअरमध्ये ट्रॅक्टर किती वेगाने चालतो, तेही मोजून घेतलं. सिकल मोअरला ताशी 5 ते 8 किलोमीटर हा वेग मानवतो. जुन्या ट्रॅक्टरला गिअर कमी असतात. एका गिअरमध्ये फार हळू आणि पुढच्यात फार जोरात, असं असेल तर मोअर कितीही चांगला असला तरी कापणी नीट होत नाही. इंजिनाचा वेग कमी करून भागवावं, तर पट्टीही मंदावते आणि गवत कापलं जाण्याऐवजी वाकून निसटतं. माझ्याकडे दुसरा गिअर नेमका बसला.

मग पीटीओचा शाफ्ट मोजला. आजकालच्या अवजारांना 35 मिलिमीटर व्यासाचा, सहा खाचांचा शाफ्ट लागतो. काही जुन्या ट्रॅक्टरांवर त्याहून बारीक शाफ्ट असतो आणि त्याला अॅडॉप्टर बसवावा लागतो. मी ओव्हररनिंग क्लचही बसवला. फिरतं यंत्र स्वतःच्या जोराने ट्रॅक्टरला पुढे ढकलतं, ते त्याने थांबतं. सिकल मोअरचं फ्लायव्हील, म्हणजे पट्टी हलवणारं जड चाक, लहान असल्याने हा धक्का मोठ्या फिरत्या मोअरइतका नसतो, तरी बांधाच्या कडेला ब्रेक दाबताना मला तेवढीही शंका नको होती. यामुळे शाफ्टची लांबी वाढते, म्हणून मोअरच्या शाफ्टचं माप हे सगळं बसवल्यावरच घ्यावं.

जोडणीचे मुख्य प्रकार तीन. पहिला ट्रॅक्टरच्या पोटाखाली, मागच्या चाकाच्या पुढे बसणारा. त्यात बार नजरेसमोर राहतो आणि दिवसभर मान वळवून मागे बघावं लागत नाही. मला तो फार आवडला, पण असा मोअर ठरावीक मॉडेलसाठीच बनलेला असतो. त्याचे ब्रॅकेट नसतील तर बाकीचं यंत्र असून उपयोग नाही. दुसरा स्वतःच्या चाकांवर मागून ओढत न्यायचा. त्याला फक्त हूक आणि पीटीओ लागतो, मात्र मागे घेताना आणि कोपऱ्यात तो त्रास देतो. तिसरा थ्री पॉइंट लिंकेजवर, म्हणजे ट्रॅक्टरच्या मागच्या खालच्या दोन आणि वरच्या एका आर्मवर बसणारा, आणि मी तोच घेतला. माझ्या ट्रॅक्टरचे खालचे पिन 22 मिलिमीटरचे, म्हणजे कॅटेगरी 1 चे, त्यामुळे जोडणीचा प्रश्न नव्हता. एक गोष्ट मात्र हवीच: खालच्या दोन्ही आर्मना आडवं झुलू न देणारे स्टॅबिलायझर. बार एका बाजूला असल्यामुळे गवताचा सगळा ओढ एकाच बाजूने येतो. आर्म झुलत असतील तर मोअर तिरका होतो.

यानंतर वापरलेली यंत्रं पाहायला सुरुवात केली. एका यंत्राला ताजा रंग दिला होता. मी पट्टी बाहेर काढून दाखवायला सांगितलं. पाती नवीन होती, चकचकीत. पण गार्डच्या आतल्या लेजर प्लेटवरून, म्हणजे पात्याखालच्या स्थिर धारेवरून, नख फिरवलं, तर कडा गुळगुळीत गोल झालेल्या. कापणी दोन धारांमध्ये होते, एक पात्याची आणि दुसरी लेजर प्लेटची. दुसरी धार गेली की नवं पातंही गवत ओढत बसतं. शिवाय बारच्या मधल्या भागातले दोन-तीन गार्ड खाली वाकलेले होते, ते बारच्या टोकाकडून एका डोळ्याने पाहिल्यावर लगेच कळलं. गार्ड एका रेषेत नसतील तर पातं काही ठिकाणी प्लेटला टेकतच नाही. ते यंत्र मी सोडलं.

जे घेतलं ते दिसायला गंजकं होतं. फ्लायव्हील हाताने फिरवून पाहिलं, पट्टी शेवटपर्यंत एकसारखी सरकत होती. पिटमन, म्हणजे फ्लायव्हीलपासून पट्टीपर्यंतचा दांडा, दोन्ही टोकांना धरून हलवला. जोडात थोडी जरी खडखड असेल तर मिनिटाला शेकडो फेऱ्यांमध्ये ती वाढत जाते आणि पट्टीचं डोकं तुटतं. इथे खडखड नव्हती. मग बारचं बाहेरचं टोक धरून जोराने मागे ओढलं. दगड किंवा खुंट लागला की बार मागे वळला पाहिजे, त्यासाठी स्प्रिंगचा ब्रेकअवे असतो. उघड्यावर पडलेल्या मोअरमध्ये तो बहुधा गंजून जाम झालेला असतो. माझ्या यंत्रात तो जोर लावल्यावर सुटला आणि परत बसलाही. ब्रेकअवे चालत नसेल तर यंत्र स्वस्तात मिळालं तरी घेऊ नये, कारण तो धक्का मग थेट ट्रॅक्टरच्या लिंकेजवर येतो.

बेल्टवर चालणारे मोअरही पाहिले. त्यांचा धक्का मऊ असतो आणि अडकल्यावर बेल्ट घसरून बाकीचं वाचतं. पण माझ्याकडे लाकडी पिटमनचं यंत्र आलं आणि मला ते पटलं, कारण तसा दांडा चिवट लाकडातून नवा करून घेता येतो.

पाती सर्वसाधारण 76 मिलिमीटरची आहेत ना, तेही पाहून घ्यावं, म्हणजे बदली पाती सहज मिळतात. हिरव्या मऊ गवताला गुळगुळीत धारेची पाती बरी, ती पुन्हा घासता येतात. जाड, वाळक्या दांड्यांना दातेरी पाती. मी गुळगुळीत घेतली आणि रिव्हेटऐवजी बोल्टने बसवली.

बसवल्यावर सगळ्यात जास्त वेळ दोन मापांना दिला. पट्टीच्या डाव्या-उजव्या फेरीच्या दोन्ही टोकांना पात्याचं टोक गार्डच्या बरोब्बर मध्यावर थांबलं पाहिजे. आणि बारचं बाहेरचं टोक आतल्यापेक्षा थोडं पुढे असावं लागतं, मीटरमागे सुमारे 2 सेंटिमीटर, कारण चालताना गवत त्याला मागे दाबतं आणि तेव्हा तो सरळ होतो. माझ्या पाच फुटी बारला 3 सेंटिमीटर ठेवले.

एकदा गवतात घातल्यावर इंजिनाचा आवाज जवळजवळ बदललाच नाही. कापलेलं गवत बारवरून मागे आडवं पडत गेलं, खोडाचं टोक स्वच्छ, चिरडलेलं नाही. ओल्या सकाळी मात्र मुळाशी दाटलेलं गवत अजूनही अडकतं. तेव्हा पीटीओ बंद, इंजिन बंद, आणि मगच काठीने गार्ड मोकळे करायचे. इंजिन बंद असलं तरी फ्लायव्हील हलवलं की पट्टी सरकते, म्हणून बोटं पात्यांपासून लांबच ठेवतो. धार लावलेली दुसरी पट्टी बाजूला तयार असते.