चौथी रेषा उंच का?

मॅग्नेशियम ऑक्साइडची पांढरीशुभ्र पूड घेऊन एक पीएचडीची विद्यार्थिनी आमच्या ईपीआर प्रयोगशाळेत आली. ईपीआर म्हणजे चुंबकीय क्षेत्रात ठेवलेल्या नमुन्यातले सुटे, जोडी नसलेले इलेक्ट्रॉन सूक्ष्मलहरींनी टिपायचं तंत्र. ही पूड स्टीलच्या बॉल मिलमध्ये, म्हणजे गोळ्यांनी दळणाऱ्या फिरत्या भांड्यात, दळून भट्टीत तापवली, की उत्प्रेरक म्हणून जास्त चांगली चालते. दळताना ऑक्सिजनच्या जागा रिकाम्या होतात, तिथे अडकलेले इलेक्ट्रॉन हे काम करतात, असा तिचा कयास होता. स्फटिकाची रचना दाखवणाऱ्या एक्स-रे डिफ्रॅक्शनमध्ये पूड शुद्ध दिसत होती.

क्वार्ट्झच्या नळीत चिमूटभर पूड भरून नळी यंत्राच्या कॅव्हिटीत, म्हणजे सूक्ष्मलहरींच्या पोकळीत, सोडली. 9.4 गिगाहर्ट्झला स्वीप सुरू केला, म्हणजे चुंबकीय क्षेत्र हळूहळू बदलत नेलं, आणि पडद्यावर सहा रेषा उमटल्या, साधारण 87 गौसच्या अंतराने (गौस हे चुंबकीय क्षेत्राचं एकक).

"मॅडम, हे काय आलं?"

"मँगनीज."

मँगनीजच्या अणुकेंद्राचा स्पिन, म्हणजे त्याच्या अंगच्या चुंबकत्वामागची राशी, 5/2. असं केंद्र क्षेत्रात सहा प्रकारे राहू शकतं, म्हणून Mn²⁺ च्या सहा रेषा. मॅग्नेशियमच्या कच्च्या मालात मँगनीज इतकं हमखास असतं, की अनेक प्रयोगशाळा याच सहा रेषांवरून चुंबकीय क्षेत्राचं माप ताडून घेतात. त्यामुळे त्याचं मला नवल नव्हतं. माझी नजर चौथ्या रेषेवर खिळली. ती तिसरीपेक्षा चांगलीच उंच होती, आणि तिला तसं असायचं काही कारण नव्हतं.

मॉड्युलेशन, म्हणजे मोजताना क्षेत्राला दिलेली बारीक थरथर, 0.2 गौसवर आणलं, स्वीप तेवढ्याच भागापुरता ठेवला आणि अगदी सावकाश चालवला. चौथी रेषा फुटली! तिच्यापासून दोन-अडीच गौसवर आणखी एक रेषा होती. तिची जागा सांगणारा आकडा, म्हणजे g, होता 1.980. हा Cr³⁺, म्हणजे तीन इलेक्ट्रॉन गमावलेलं क्रोमियम. क्रोमियमच्या नव्वद टक्क्यांहून अधिक अणुकेंद्रांना स्पिनच नसतो, म्हणून त्याची ठळक रेषा एकच, आणि ती नेमकी मँगनीजच्या चौथीला खेटून पडते. ईपीआरचं मला सगळ्यात मोल वाटतं ते इथे. क्रोमियम आहे एवढंच ते सांगत नाही. ते +3 अवस्थेत आहे, मॅग्नेशियमच्या जागी सहा ऑक्सिजनांच्या मध्ये बसलंय, हेही त्या 1.980 मधून कळतं.

"दळायच्या आधीची पूड आहे का गं?" मी विचारलं. होती. तीही तशीच तापवून आणायला सांगितली आणि संध्याकाळी लावली. सहाही रेषा जागेवर, चौथी तिसरीएवढीच. म्हणजे क्रोमियम मिलच्या भांड्यातून झिजून आलं होतं आणि भट्टीत तापताना स्फटिकाच्या जाळीत शिरलं होतं. वाढलेल्या क्रियाशीलतेचं श्रेय रिकाम्या जागांना द्यायचं, तर आधी हे क्रोमियम वजा करायला हवं. तिचा चेहरा उतरला, पण लगेच वही काढून तिने सगळे आकडे उतरवून घेतले.

"मग झिर्कोनियाचं भांडं वापरते, मॅडम."

जरूर वापर, म्हटलं. पण Zr⁴⁺ मध्ये एकही सुटा इलेक्ट्रॉन नसतो. त्या भांड्याची झीज पुडीत आली, तरी माझ्या यंत्राला ती दिसणार नाही. त्यासाठी नमुना आयसीपीला, म्हणजे त्यातली मूलद्रव्यं मोजणाऱ्या चाचणीला, पाठवायचा, आणि तोही दळण्याआधीचा नि नंतरचा, दोन्ही.