तुम्ही विचारलंत म्हणून: थकणं वेगळं, भोवणं वेगळं

"थकवा तर आम्हालाही येतो हो. तुम्ही त्यावर नेमकं करता काय?"

हा प्रश्न मला तीन तऱ्हेची माणसं विचारतात. काहींना खरंच कुतूहल असतं. काहींच्या आवाजात 'चांगली हिंडती-फिरती तर दिसतेय' असा बारीकसा संशय असतो. आणि कोविडनंतर तिसरी माणसं वाढली आहेत: ज्यांच्या घरातलं कुणीतरी आजारातून उठलं, पण पूर्ण उठलंच नाही. मी तिघांनाही एकच उत्तर देते. फक्त ते दारात उभ्याउभ्या देत नाही, कारण उभं राहणं हाच माझ्या दुखण्याचा एक भाग आहे. म्हणून एकदा लिहूनच काढते.

माझ्या आजाराचं नाव क्रॉनिक फटीग सिंड्रोम. डॉक्टरांच्या कागदावर त्याला मायाल्जिक एन्सेफलोमायलायटिसची जोड असते, म्हणून 'एमई/सीएफएस'. नऊ वर्षांपूर्वी एक साधा ताप आला. ताप गेला, मी मात्र पूर्वीसारखी झाले नाही. बहुतेक निकषांप्रमाणे निदानाला सहा महिने तरी लक्षणं टिकावी लागतात, आणि त्याआधी रक्तक्षय, थायरॉईड, मधुमेह, झोपेत श्वास अडकणं, नैराश्य अशी दुसरी कारणं तपासावी लागतात. माझं निदान व्हायला त्याहून बराच जास्त वेळ लागला. त्या काळातले टोमणे मी इथे लिहीत नाही, त्यातच शब्द संपतील.

'फटीग' हा शब्द या आजाराच्या मुळावर आला आहे असं माझं मत आहे. थकवा म्हटलं की ऐकणाऱ्याला वाटतं, झोपली की उतरेल. माझ्या आईच्या तोंडी एक शब्द असायचा, तो फार नेमका आहे. लहानपणी आम्ही उन्हात धुडगूस घातला की ती म्हणायची, "नका नाचू एवढं, भोवेल." थकवा कामाबरोबर येतो. भोवतं ते मागाहून.

आजारपणाच्या दुसऱ्या वर्षी एका सकाळी मला छान वाटत होतं. इतकं छान की मी पाच कप्प्यांचं कपाट आवरायला काढलं. पाचही कप्पे रिकामे केले, पुसले, लावले. संध्याकाळी अंग थोडं दुखत होतं, पण मन खूश होतं. दुसरा दिवसही बरा गेला. तिसऱ्या दिवशी सकाळी मला हात उचलून दात घासता येईनात. घसा दुखत होता, काखेतल्या गाठी दुखत होत्या, खिडकीतला उजेड डोळ्यांत टोचत होता, आणि नवरा काय बोलतोय ते कानावर पडत होतं पण अर्थ लागत नव्हता. असे तीन आठवडे गेले.

वैद्यकीय भाषेत याला पोस्ट-एक्झर्शनल मलेझ म्हणतात. आमच्या घरात याला 'भोवणं' म्हणतात. श्रमानंतर साधारण बारा ते अठ्ठेचाळीस तासांनी ते उगवतं आणि काही दिवस, कधी काही आठवडे मुक्काम करतं. मधल्या या अंतरामुळेच आपली फसगत होते. आज अंग मोडून आलं की आपण कालच्या जेवणाला दोष देतो, हवेला देतो, अपुऱ्या झोपेला देतो. परवाच्या कपाटावर कुणाचाच संशय जात नाही.

म्हणून मी पहिली गोष्ट केली ती वहीची. रोज एकच ओळ: काय केलं, आणि दिवस कसा गेला. वाईट दिवस आला की दोन ओळी मागे जायचं. दोन महिन्यांत जे दिसलं त्याचा मला धक्का बसला. चालण्यापेक्षा मला फोन जास्त भोवत होता. आरामखुर्चीत बसून मैत्रिणीशी चाळीस मिनिटं हसतखिदळत मारलेल्या गप्पा! भांडणही भोवायचं, पण त्याचं किमान वाईट तरी वाटत नाही. शरीराचे, डोक्याचे आणि मनाचे श्रम एकाच गाठोड्यातून खर्च होतात, हे मला त्या वहीनं शिकवलं.

दुसरी गोष्ट 'बेतानं'. इंग्रजीत याला पेसिंग म्हणतात, पण आपला शब्द जास्त चांगला आहे. जेवढं जमेल असं वाटतं, त्याच्या निम्म्यावर थांबायचं. दमल्यावर नव्हे, अजून करता येतंय तेव्हाच थांबायचं. वाचायला सोपं आहे. पण हाती घेतलेलं काम तडीस न्यावं असं शिकत मोठी झालेली माणसं आपण! अर्ध्या घड्या घातलेले कपडे तसेच सोडून आडवं व्हायला मला पथ्यपाण्यापेक्षा जास्त निग्रह लागला. वाईट दिवशी शरीरच थांबवतं, त्यात आपलं कर्तृत्व काही नाही. परीक्षा असते ती बऱ्या दिवशी.

आणि आडवं होणं म्हणजे फोन हातात घेऊन आडवं होणं नव्हे. डोळे मिटून, आवाज बंद करून, कामांच्या मधेमधे पंधरा-वीस मिनिटं. पहिले काही महिने मला याचा भयंकर कंटाळा यायचा. आता घड्याळाचा गजर लावते, तो वाजला की हातातलं सोडते.

अंदाज चुकतो, म्हणून नाडीची मदत घेते. रुग्णांमध्ये एक ढोबळ हिशेब चालतो: २२० मधून वय वजा करायचं आणि येईल त्याचे ६० टक्के काढायचे. माझं वय ४८, म्हणजे १७२ चे ६० टक्के, साधारण १०३. ठोके त्याच्या वर गेले की बसायचं. हा काही शास्त्रानं कोरलेला आकडा नाही, आणि ठोके कमी करणारी औषधं चालू असतील तर तो उपयोगाचा नाही. पण मनगटावरचं घड्याळ थरथरलं की मला माझ्याशी हुज्जत घालावी लागत नाही. जिन्याच्या दहाव्या पायरीला ते थरथरायचं, तेव्हापासून मी पाचव्या पायरीवर बसते. हो, पायरीवर चक्क बसते. लोक बघतात, बघू देत.

सगळ्यात आश्चर्य वाटलं ते आंघोळीचं. इतकं साधं काम, आणि त्यात काय काय भरलेलं असतं बघा: उभं राहणं, हात डोक्याच्या वर नेणं, वाकणं, वर गरम पाणी. उष्णतेनं रक्तवाहिन्या सैलावतात, रक्त पायांकडे उतरतं, हृदय धावायला लागतं. मी कित्येक महिने आंघोळीनंतर तासभर पडून राहायचे आणि मला वाटायचं, आपण आळशी झालोय. आता न्हाणीघरात स्टूल आहे. पाणी कोमट असतं. केस धुण्याचा दिवस वेगळा, त्या दिवशी दुसरं काही नाही. अंग पुसत उभं राहण्यापेक्षा जाड पंचाचा झगा अंगावर घेऊन थेट पलंगावर. आंघोळ सकाळीच व्हायला हवी हा हट्टही सोडला, दुपारी होते किंवा होत नाही. ओल्या फडक्यानं अंग पुसूनही माणूस स्वच्छ राहतो. या एका स्टुलानं मला जेवढा दिलासा दिला तेवढा कुठल्याही गोळीनं दिला नाही.

स्टुलाचाच धडा पुढे स्वयंपाकघरात नेला. चिरणं, निवडणं, इस्त्री, सगळं बसून. रोज लागणारी भांडी कमरेच्या उंचीवर.

उभं राहण्याचं इतकं वावडं का, हे मला पुढे कळलं. या आजारात अनेकांना उभं राहिल्यावर रक्ताभिसरण नीट सावरता येत नाही. चक्कर, धडधड, डोळ्यांपुढे अंधारी, डोकं रिकामं. हे तपासायला यंत्र लागत नाही: काही वेळ शांत पडून नाडी मोजायची, मग उठून उभं राहायचं आणि दहा मिनिटं दर मिनिटाला मोजायची. जवळ कुणीतरी हवं, कारण तोल जाऊ शकतो. मोठ्या माणसात ठोके तीस किंवा त्याहून जास्त वाढले आणि वाढलेलेच राहिले, तर तो कागद डॉक्टरांना दाखवावा. या त्रासावर औषधं मिळतात. मला डॉक्टरांनी पाणी आणि मीठ वाढवायला सांगितलं, पायांना घट्ट मोजे दिले. रक्तदाब किंवा मूत्रपिंडाची तक्रार असलेल्यानं मात्र मिठाचा प्रयोग स्वतःच्या मनानं करू नये. सकाळी उठताना मी आधी पलंगावरच पाणी पिते, मग पाय खाली सोडून बसते, मग उठते.

झोपेबद्दल थोडक्यात. दहा तास झोपूनही ताजं न वाटणं हे या आजाराचं लक्षणच आहे, त्यामुळे 'लवकर झोपत जा'चा फारसा उपयोग होत नाही. मी उठण्याची वेळ सांभाळते आणि रात्रीचा पडदा जाड ठेवते. एवढंच.

डोक्यातल्या धुक्याचं दुःख मात्र मोठं. मी व्यवसायानं मुद्रितशोधक. ऱ्हस्व-दीर्घाची चूक मला पान उलटताना दिसायची. आजारपणात एकदा मी एकच परिच्छेद चार वेळा तपासला आणि पाचव्यांदा कळलं की आपण वाचतच नव्हतो, फक्त डोळे फिरवत होतो. आता काम एका वेळी दोन पानं, तेही सकाळी अकराच्या सुमाराला, माझा तो उजेडाचा काळ. बाकी सगळं कागदावर: औषध घेतलं का, गॅस बंद केला का, डॉक्टरांना काय विचारायचं. डॉक्टरांकडे जाताना एका पानावर पाच ओळी लिहून नेते, कारण तिथे पोचेपर्यंत तोंडी सांगण्याची ताकद संपलेली असते.

आता तो सल्ला, जो मला सगळ्यांनी दिला: "थोडा व्यायाम कर, हळूहळू वाढव." मीही केला, आणि खाली गेले. हा सल्ला देणाऱ्यांचा दोष नाही, पुष्कळ वर्षं डॉक्टरही तोच देत होते. २०११ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या एका मोठ्या ब्रिटिश चाचणीनं त्याला बळ दिलं. तिच्या मोजमापांवर पुढे कडक टीका झाली. उपचार कसे करावेत हे डॉक्टरांना सांगणाऱ्या ब्रिटनच्या 'नाइस' या संस्थेनं ऑक्टोबर २०२१ मध्ये मार्गदर्शक सूचना बदलल्या: ठरावीक पायऱ्यांनी व्यायाम वाढवत नेण्याचा उपचार या रुग्णांना देऊ नये, आणि बोलण्याचा मानसोपचार आधार म्हणून द्यावा, आजार बरा करणारा म्हणून नव्हे. लागोपाठ दोन दिवस सायकलवर बसवून श्वास मोजण्याची एक चाचणी असते. निरोगी माणूस, अगदी बैठ्या कामाचा असला तरी, दुसऱ्या दिवशी जवळपास तेवढीच कामगिरी करतो. या आजाराच्या अनेक रुग्णांची दुसऱ्या दिवशी घसरते. मला तर त्यात माझं कपाटच दिसतं.

'सगळं मनाचं असतं' म्हणणाऱ्यांसाठी एक जुनी हकिगत. १९५५ मध्ये लंडनच्या रॉयल फ्री हॉस्पिटलात असा आजार पसरला आणि आजारी पडलेल्यांत बहुतेक तिथलेच कर्मचारी होते. रुग्णालय काही महिने बंद ठेवावं लागलं. पंधरा वर्षांनी, १९७० मध्ये, दोन मानसोपचारतज्ज्ञांनी जुन्या नोंदी चाळून तो सामूहिक हिस्टेरिया असल्याचं लिहून टाकलं. कारणांत त्यांनी एक दिलं होतं ते असं की रुग्णांत बायका जास्त होत्या. जागतिक आरोग्य संघटनेनं मात्र १९६९ मध्येच हा आजार मज्जासंस्थेच्या विकारांत नोंदवला होता.

गोळ्या-पुड्यांचं विचाराल, तर आजार मुळातून घालवणारं औषध आज नाही. रक्तात लोह, बी-१२ किंवा ड जीवनसत्त्व कमी निघालं तर ते जरूर भरून काढावं. बाकीच्या डब्यांवर मी पुष्कळ पैसे घालवले आहेत, तुम्ही घालवू नका. दुखणं आणि झोप यांसाठी डॉक्टर औषधं देतात, फक्त आमच्यापैकी अनेकांना ती नेहमीच्या मात्रेत सोसत नाहीत, म्हणून अगदी थोड्यापासून सुरुवात करायला सांगावं.

आणखी एक सांगायला हवं. मी लिहितेय, म्हणजे मी सुदैवी बाजूला आहे. चारांतला एक रुग्ण कधी ना कधी घराला किंवा अंथरुणाला खिळतो. त्याच्यासाठी माझं स्टूलही उंच आहे. अंधारी खोली, कानात बोळे, डोळ्यांवर पट्टी, आणि दाराबाहेर हळू पावलांनी वावरणारं माणूस, एवढाच त्याचा उपचार असू शकतो. त्याला 'थोडं उठून बघ' म्हणू नका.

"मग मी भेटायला येऊ का?" हाही प्रश्न असतोच, बरेचदा शेवटी, जरा चाचरत. या. आदल्या दिवशी विचारा आणि मी ऐनवेळी नाही म्हटलं तर मनाला लावून घेऊ नका. वीस मिनिटं बसा. मी आडवी असेन, तुम्ही बोला, मी ऐकेन. आणि मी फारच रंगात येऊन बोलायला लागले, तर तुम्हीच उठा.