सुकलेल्या डबक्याची माती

सोलापूरच्या आसपास काळ्या रानात, मुरमाच्या खाणींत आणि रस्त्याकडेच्या खळग्यांत पावसाळ्यात जी डबकी साचतात, त्यांची माती उन्हाळ्यात भेगाळली तरी निर्जीव झालेली नसते. फेअरी श्रिंप, ट्रायॉप्स आणि डाफ्निया या गोड्या पाण्यातल्या कवचधारी जीवांची सुप्त अंडी तिच्यात वर्षानुवर्षे तग धरू शकतात. ही अंडी घरी उबवून पाहता येतात. फेअरी श्रिंप आणि ट्रायॉप्स माशांपुढे टिकत नाहीत, म्हणून त्यासाठी हिप्परग्याच्या तलावातला गाळ आणण्यापेक्षा दरवर्षी आटणाऱ्या डबक्याच्या तळाची माती, रानमालकाला विचारून, वरवर खरवडून आणावी.

अंडी उबवण्यात पाण्याची निवड सर्वांत महत्त्वाची आहे. नुकत्याच पडलेल्या पावसाच्या पाण्यात क्षार फार कमी असतात, आणि डबके आटू लागले की ते वाढत जातात. त्यामुळे क्षार कमी असणे ही अंड्यांच्या दृष्टीने डबके नुकतेच भरल्याची खूण ठरते. आमच्याकडचे बोअरचे जड पाणी आणि क्लोरीन घातलेले नळाचे पाणी म्हणूनच टाळावे आणि साठवलेले पावसाचे किंवा आरओचे पाणी घ्यावे. पसरट काचेच्या भांड्यात दोन चमचे माती घालून वर चार-पाच सेंटिमीटर पाणी ओतावे आणि भांडे उजेडात, पण थेट उन्हाबाहेर ठेवावे. २० ते २८ अंश सेल्सिअस तापमान मानवते, तेव्हा एप्रिल-मेच्या तापलेल्या खोलीत हा खटाटोप न केलेला बरा.

सगळे जुळून आले, तर एक-दोन दिवसांत उजेडाच्या बाजूला पांढुरके ठिपके झटके देत फिरताना दिसतात. भिंगाखाली त्यांचा एकच काळा डोळा आणि अवयवांच्या तीन जोड्या स्पष्ट ओळखू येतात. ही नॉप्लियस, म्हणजे अंड्यातून नुकत्याच बाहेर पडलेल्या पिल्लाची अवस्था. पुढे फेअरी श्रिंप पाठीवर उताणा पोहू लागतो आणि त्याच्या पायांच्या अकरा जोड्यांमधून एकामागून एक लाट सरकत जाते, ती पाहण्यासारखी असते. खाद्य म्हणून हिरवे झालेले पाणी किंवा चिमटीपेक्षाही कमी यीस्ट पुरते. हात सैल सोडला की पाणी गढूळ होते, त्यातला प्राणवायू संपतो आणि सगळे जीव एका रात्रीत मरतात.

मला सर्वांत विलक्षण वाटते ते असे, की एका भिजवणीत सगळी अंडी कधीच फुटत नाहीत. मृगाचा पहिला पाऊस पडून मग दीर्घ उघडीप देणे आपल्याकडे नवलाचे नाही. अशा वेळी सगळीच अंडी फुटली असती, तर पिल्ले वयात येण्याआधी डबके आटून वंशच संपला असता. म्हणून पहिल्या खेपेला काही दिसले नाही तरी माती फेकू नये. ती सावलीत पूर्ण कोरडी करून कागदी पाकिटात ठेवावी, पाकिटावर जागा आणि तारीख लिहावी, आणि काही आठवड्यांनी पुन्हा भिजवावी. भांड्यातले उरलेले जीव मात्र विहिरीत किंवा तलावात सोडू नयेत.