नऊ वर्षांचा एक कागद

ऑगस्ट 2024 मध्ये मी नाशिकमधल्या अंबडच्या कंपनीतून अठ्ठावन्नाव्या वर्षी निवृत्त झाले. निरोपाच्या शालीची घडी मोडायच्या आत पुतण्या, शेजारी, बँकेतला ओळखीचा मुलगा, सगळे एकच विचारू लागले : पैसे कुठे टाकणार? मला मात्र आधी काय काय मिळणार आणि त्यातलं करात किती जाणार, एवढंच नीट कळून घ्यायचं होतं.

ग्रॅच्युइटीचं गणित सोपं निघालं. शेवटचा मूळ पगार आणि महागाई भत्ता धरून 42 हजार, त्याला 26 नं भागून 15 नं गुणायचं, मग नोकरीच्या वर्षांनी. माझी इथली वर्षं 19, म्हणजे सुमारे 4 लाख 60 हजार. 20 लाखांपर्यंत कर नाही, त्यामुळे तिथे विषय संपला. पीएफचे साधारण 18 लाखही करमुक्त, कारण नोकरी सलग पाच वर्षांच्या वर. तेही वेळेत खात्यात आले.

डोकं खाल्लं ते पेन्शननं. पीएफच्या पेन्शनला आमच्याकडे कुणी किंमत देत नाही, "हजार-दोन हजार मिळतात" म्हणून सोडून देतात. मी सूत्र बघितलं : पेन्शनसाठी धरायचा पगार गुणिले नोकरीची वर्षं, भागिले 70. पगार कितीही असो, 1 सप्टेंबर 2014 आधीच्या वर्षांना 6,500 आणि नंतरच्यांना 15,000 एवढीच मर्यादा. शिवाय 20 वर्षं भरली तर 2 वर्षं बोनस म्हणून वर मिळतात. माझी 19. एका वर्षानं हुकत होतं.

पण त्याआधी 1996 ते 2005 अशी नऊ वर्षं मी सातपूरच्या एका कारखान्यात काढली होती. तिथून निघताना पीएफ काढला, तेव्हा तिथल्या अकाउंट्समधल्या काकांनी बजावलं होतं, "पेन्शनचे पैसे काढू नकोस पोरी, स्कीम सर्टिफिकेट घे." म्हणजे इथली वर्षं पुढच्या पेन्शनला जोडता यावीत म्हणून मिळणारा कागद. दहा वर्षांपेक्षा कमी नोकरी असेल तर दोन्हींपैकी एक निवडता येतं. मी सर्टिफिकेट घेतलं आणि लग्नातल्या साड्यांच्या पेटीत ठेवून दिलं. ते काका आता नाहीत, नाहीतर पेढे घेऊन गेले असते.

ही नऊ वर्षं जोडली तर महिन्याला साधारण 835 रुपये जास्त, आणि एकूण 28 वर्षं झाल्यामुळे बोनसची दोन वर्षंही पदरात. अडचण एकच, सर्टिफिकेटवर माझं माहेरचं नाव. लग्न 1999 चं, पण जुन्या कारखान्याच्या दफ्तरी ते कुणी बदललंच नाही. आधार, पॅन, बँक सगळीकडे सासरचं. एचआरमधल्या मुलानं कागद उलटसुलट करून बघितला आणि म्हणाला, "मॅडम, एवढ्या जुन्या कागदाचं आता काही होत नाही." होतं की नाही ते पीएफ ऑफिसच्या खिडकीवर विचारलं. तिथल्या बाईंनी शांतपणे सांगितलं : लग्नाचा दाखला आणा, दोन्ही नावं एकाच व्यक्तीची असल्याचं प्रतिज्ञापत्र आणा, आणि हे मूळ सर्टिफिकेट पेन्शनच्या अर्जाला, 10डी फॉर्मला, जोडा.

लग्नाचा दाखला! आमच्या काळात कोण नोंदणी करायचं? महापालिकेच्या विभागीय कार्यालयात त्यासाठी अर्ज, लग्नपत्रिका, तीन साक्षीदार आणि लग्न लावणाऱ्या गुरुजींची सही लागते. पत्रिका नणंदेनं जपून ठेवली होती, कडेला हळदीचा डाग तसाच. गुरुजी थकलेले, ऐकू कमी येतं. मुलानं त्यांच्या कानाशी जाऊन दोनदा सांगितलं, तेव्हा त्यांनी चष्मा पुसून पत्रिका वाचली आणि पहिला प्रश्न विचारला, "मुहूर्त गोरजच होता ना?" मग थरथरत्या हातानं सही केली. साक्षीदार म्हणून दीर, नणंद आणि ह्यांचा एक मित्र आले. फोटोत वरमाला घातलेली मी बघून तिथली कारकून मुलगी हसली, तेवढीच त्या दुपारची गंमत.

10डी ला नवरा-बायकोचा जोडीनं फोटोही लागतो. कारण माझ्या मागे निम्मी पेन्शन नवऱ्याला चालू राहते. पेन्शन साधारण 4 हजारांच्या घरात बसली. फार नाही, पण गॅस, वीज आणि फोन त्यात निघतो, आणि ती दोघांच्या हयातीत थांबत नाही.

मग गुंतवणूक. बँकेतला मुलगा दरवर्षी हप्ता भरायची विमा पॉलिसी गळ्यात मारत होता. निवृत्त माणसाला दहा वर्षांचा हप्ता कशाला हवा, याचं उत्तर त्याच्याकडे नव्हतं. मी पोस्टात ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत 15 लाख ठेवले. ती खरं तर साठीनंतरची, पण निवृत्त झालेल्यांना पंचावन्नपासून घेता येते, फक्त निवृत्तीचे पैसे हातात आल्यापासून तीन महिन्यांत खातं उघडावं लागतं आणि कंपनीचं पत्र लागतं. 8.2 टक्क्यांनी तिमाहीला 30,750 येतात. गंमत अशी की योजनेच्या नावात मी ज्येष्ठ, आयकराच्या लेखी साठीपर्यंत नाही. त्यामुळे व्याजावर टीडीएस, म्हणजे आधीच कर, कापू नये म्हणून ज्येष्ठांचा 15एच फॉर्म नाही, साठीच्या आतल्यांचा 15जी भरावा लागला. पोस्टातल्या काउंटरवर आधी 15एचच पुढे सरकवला होता.

न घेतलेल्या रजेच्या पैशांवर कंपनीनं पगार समजून कर कापला होता. खासगी नोकरीत 25 लाखांच्या मर्यादेपर्यंत ही रक्कम करमुक्त धरता येते, अर्थात त्याला आणखी अटी आहेत. माझे 1 लाख 80 हजार त्यात सहज बसत होते. विवरणपत्र भरताना सूट दाखवली, परतावा आला. नव्या करप्रणालीतही ही सूट चालते, हे सीएला मीच दाखवलं आणि त्यानंतर तो जरा सांभाळून बोलतो.

पुतण्याचा आग्रह सगळंच म्युच्युअल फंडात टाकायचा. मी 4 लाख टाकले, शेअर बाजाराच्या निर्देशांकामागे चालणाऱ्या इंडेक्स फंडात, तेही एकदम नाही, हळूहळू. 2025-26 पासून 12 लाखांपर्यंत कर नाही असं तो सारखं ऐकवतो, पण शेअर फंडाच्या नफ्याला ती सवलत लागू नाही. वर्षाला सव्वा लाखाच्या वरच्या दीर्घ मुदतीच्या नफ्यावर 12.5 टक्के वेगळे द्यावे लागतात. आता तोही फंड विकण्याआधी नफ्याचा हिशेब मागतो. बाकीचे एफडीत आहेत, छताची गळती काढायची आहे म्हणून.